टाकीपासून इंजिनापर्यंत



मी गंगापूर रोडवरच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. इतिहास म्हटला की लढाया, तह आणि वंशावळी, अशी आमच्या विषयाची ख्याती आहे, आणि ती अगदीच खोटी आहे असे नाही. पण मागच्या पावसाळ्यात दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी तास संपल्यावर माझ्या मागोमाग आला आणि म्हणाला, "सर, घरी विमान बांधता येतं का?" मुलगा गिरणाऱ्याकडचा. घरी द्राक्षाची बाग, विहीर, पंप, ठिबकच्या नळ्या. कोणतेही यंत्र दिसले की ते उघडून पाहावे, ही खोड. मी म्हटले, "येतं. आपल्याच महाराष्ट्रात बांधलं गेलं आहे, आणि तेही गच्चीवर." तो म्हणाला, "मग सुरुवात कुठून करायची? पंखापासून की इंजिनापासून?"

मी म्हटले, "पेट्रोलच्या नळीपासून."

त्याला वाटले सर थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. का नव्हती, तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

आधी त्या गच्चीविषयी. कॅप्टन अमोल यादव हे व्यवसायाने वैमानिक. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागातल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा माणसे बसतील असे विमान बांधले. त्याआधीचे त्यांचे दोन प्रयत्न तडीस गेले नव्हते. हे तिसरे, आणि त्याच्या नावातही तीनचाच आकडा आहे: टीएसी-003. फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईत 'मेक इन इंडिया'चे प्रदर्शन भरले, तेव्हा हे विमान सुटे करून क्रेनने गच्चीवरून खाली उतरवले. नोव्हेंबर 2017 मध्ये सरकारदरबारी त्याची नोंदणी झाली, 2019 मध्ये उड्डाणाचा परवाना मिळाला, आणि ऑगस्ट 2020 मध्ये धुळ्याजवळच्या गोंदूर विमानतळावरून ते हवेत उठले. गच्चीवरून जमिनीवर यायला एक दिवस लागला असेल, पण जमिनीवरून आकाशात जायला चार वर्षांहून जास्त लागली.

नाशिकहून आग्रा रोडने धुळ्याला निघालात तर वाटेत ओझर लागते. तिथे 1964 साली स्थापन झालेला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. मिग-21 पासून सुखोईपर्यंतची लढाऊ विमाने तिथून बाहेर पडली. एकाच रस्त्यावर अलीकडे तो कारखाना आणि पलीकडे गच्चीवरच्या विमानाची धावपट्टी! या दोहोंतला फरक फक्त पैशाचा किंवा आकाराचा नाही. कारखान्यात नळीची जागा ठरवणारा एक, ती बसवणारा दुसरा, तपासणारा तिसरा, आणि तपासणाऱ्याच्या कागदावर सही करणारा चौथा असतो. गच्चीवर हे चौघे बहुधा एकाच माणसाच्या अंगात असतात. त्या एकाच्या डोक्यात चूक शिरली तर ती थेट आकाशात जाते.

अमेरिकेत घरी बांधलेली विमाने हजारोंनी आहेत. 1953 साली पॉल पोबेरेझ्नी यांनी तिथे अशा हौशी बांधणाऱ्यांची संघटना काढली, आणि तिचे जाळे पुढे देशोदेशी पसरले. तिथल्या सरकारच्या अपघात तपास मंडळाने 2012 साली या घरगुती विमानांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वैमानिकाचा ताबा सुटणे आणि इंजिनाची शक्ती जाणे ही अपघातांची दोन मोठी कारणे त्यात आढळली. मंडळाने ज्या शिफारशी केल्या त्यांत एक अशी होती, की विमानाला परवाना देण्यापूर्वी त्याच्या इंधनव्यवस्थेची प्रत्यक्ष चाचणी घेऊन ती कागदावर नोंदवावी. इंजिनाची शक्ती जाते, म्हणजे दर वेळी इंजिन मोडते असे नाही. पुष्कळदा इंजिन धडधाकट असते आणि टाकीत पेट्रोलही असते. ते पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचत नाही, एवढेच.

असे कसे होईल, असे कोणी विचारील. माझ्या वडिलांच्या जुन्या स्कूटरवर हा धडा मला मिळाला. कॉलेजात शिकत होतो तेव्हा एकदा मी सोमेश्वराकडे निघालो. आनंदवल्ली मागे टाकली आणि स्कूटर बंद पडली. टाकी अर्ध्याहून भरलेली. दहा लाथा मारल्या, प्लग काढून पुसला, आणि शेवटी पेट्रोल बघावे म्हणून टाकीचे झाकण फिरवले तर 'सूं' असा आवाज झाला. स्कूटर पुढच्या लाथेला सुरू! झाकणातले हवेचे बारीक भोक चिखलाने बुजले होते. पेट्रोल खाली उतरायचे तर त्याची जागा घ्यायला वरून हवा आत यायला हवी, आणि ती वाट बंद झाली होती. आपल्या आयाबहिणींना हे माझ्याआधीपासून ठाऊक आहे. तेलाचा डबा फोडताना त्या एक भोक पाडून थांबत नाहीत, समोरासमोर दोन पाडतात. शिक्षक मंडळींनी हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा. डबा रिकामा झालेला चालेल, तेलाऐवजी पाणी घ्यावे.

माझी स्कूटर बंद पडली तेव्हा मी एक पाय जमिनीवर टेकला. हवेत असलेल्या माणसाला ती सोय नाही.

आता थोडा इतिहास. 17 डिसेंबर 1903 रोजी अमेरिकेत किटी हॉकच्या वाळूवर राईट बंधूंचे विमान उडाले. पहिले उड्डाण 12 सेकंदांचे आणि 120 फुटांचे. घरी विमान बांधणाऱ्यांचे मूळपुरुष हेच दोघे. सायकलींचे दुकान चालवणारे हे भाऊ, आणि त्यांच्याच दुकानातला चार्ली टेलर नावाचा कारागीर. त्याने काही आठवड्यांत त्यांना 12 अश्वशक्तीचे इंजिन बनवून दिले. त्याची इंधनव्यवस्था आजच्या डोळ्यांनी पाहिली तर हसू येते. वरच्या बाजूला एका खांबाला बांधलेली जेमतेम दीड लिटरची टाकी. तिच्यातून पेट्रोल आपल्या वजनाने नळीतून खाली उतरे, तापलेल्या पृष्ठभागावर पडून त्याची वाफ होई आणि ती हवेबरोबर इंजिनात जाई. पंप नाही की आजच्यासारखा कार्बुरेटर नाही. पाट जसा उताराने शेतात येतो तसे हे पेट्रोल येई.

इथे कोणी तरी शिवकर बापूजी तळपद्यांचे नाव काढील. 1895 साली मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी विमान उडवले अशी कथा आपल्याकडे सांगतात. तळपदे हे प्रत्यक्षातले गृहस्थ, त्यांची खटपटही खरी असावी. पण त्या उड्डाणाचा विश्वासार्ह समकालीन पुरावा उपलब्ध नाही, आणि ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा या कथेशी संबंध जोडतात, त्यातली विमाने उडू शकणार नाहीत असे बंगळूरच्या विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी 1974 मध्ये साधार दाखवले आहे. अभिमान कोणाला नको? पण इतिहासाच्या मास्तराने पुरावा मागितला नाही तर त्याने दुसरा धंदा बघावा.

असो. उताराने येणारे पेट्रोल ही कल्पना राईट बंधूंनंतर पुष्कळ वर्षे टिकली, आणि साध्या विमानांत ती आजही टिकून आहे. पंख वैमानिकाच्या डोक्यावर, पंखात टाकी, टाकीच्या खाली इंजिन. पेट्रोल खाली येण्यासाठी कोणाला काही करावे लागत नाही. जे. आर. डी. टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून मुंबईला टपाल आणले ते पुस मॉथ विमान डोक्यावर पंख असलेलेच होते. वाटेत अहमदाबादला त्यांच्यासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. बैलगाडीतून आलेले पेट्रोल विमानात जाते, हे चित्र मला फार आवडते. पण त्या चित्रात रमलो तर विषय राहील.

उताराच्या पेट्रोलला इंजिनाच्या दाराशी एक द्वारपाल लागतो. तो म्हणजे कार्बुरेटर. त्याच्या आत एक वाटी असते, वाटीत तरंगता गोळा, आणि वाटी भरली की गोळा वर येऊन नळीचे तोंड बंद करतो. तुमच्या घरावरच्या पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक अगदी असाच. सरळ उभ्या टाकीत तो चोख काम करतो. टाकीच उलटी केली तर? हा प्रश्न घरावर कधी येत नाही, पण विमानावर येतो. 1940 साली इंग्लंडच्या आकाशात तो येऊन ठेपला. ब्रिटिशांच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांत मर्लिन इंजिन होते, कार्बुरेटरचे. जर्मनांच्या मेसरश्मिट विमानात डेमलर-बेंझचे इंजिन होते, आणि त्यात कार्बुरेटर नव्हता. पंप पेट्रोलला दाबाने थेट इंजिनाच्या नळकांड्यात फवारी. जर्मन वैमानिक सापडला की दांडी पुढे ढकलून नाक खाली करी आणि सुळकन निसटे. ब्रिटिश वैमानिकाने तसेच केले की वाटीतले पेट्रोल वर उसळे आणि इंजिन गुदमरे. दोनतीन क्षणच, पण पाठलागात तेवढे पुरतात. मग हे लोक विमान आधी कुशीवर वळवून उलटे करीत आणि मगच खाली झेप घेत.

यावर तातडीचा तोडगा काढला तो फार्नबरोच्या संशोधन केंद्रातल्या बीट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनियर बाईंनी. इंजिन जास्तीत जास्त पेट्रोल पिते तेवढेच जाईल, त्याहून थेंबभर अधिक नाही, अशा मापाच्या भोकाची एक छोटी चकती त्यांनी पेट्रोलच्या वाटेत बसवली. 1941 मध्ये त्या आपल्या माणसांसह विमानतळाविमानतळांवर हिंडून या चकत्या बसवत होत्या. रोग पुरता गेला नाही, पण इंजिन बंद पडणे थांबले. मोठमोठ्या सेनापतींच्या चरित्रांत या बाईंचे नाव क्वचितच येते. माझ्या मते ते यायला हवे. मात्र एवढ्यावरून ब्रिटिश इंजिनवाले अडाणी होते असे कोणी समजू नये. कार्बुरेटरात पेट्रोलची वाफ होताना हवा थंड होते, थंड हवा जास्त मावते आणि शक्ती वाढते, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो चुकीचा नव्हता. फायद्याबरोबर जो तोटा येतो तो त्यांना लढाईत दिसला.

युद्धानंतर पेट्रोल फवारण्याची ही पद्धत, जिला आपण आता सर्रास इंजेक्शन म्हणतो, हळूहळू लहान विमानांत आली आणि तिथून घरी बांधणाऱ्यांच्या हाती पडली. पुढे मोटारीतले विजेवर चालणारे इंजेक्शनही आले. ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीचे शंभर अश्वशक्तीचे इंजिन घरगुती विमानांत फार लोकप्रिय आहे. त्याची इंजेक्शनची आवृत्ती 2012 साली निघाली. फायदे उघड आहेत. पेट्रोल कमी लागते, प्रत्येक नळकांड्याला सारखे मिळते, आणि दमट हवेत कार्बुरेटरच्या घशात बर्फ धरतो ती भीती जाते. पण बांधणाऱ्याने जुन्या इंजिनाची नळी तशीच ठेवून नवे इंजिन बसवले, की तो फसला. कारण इथे उताराचा कायदा संपतो.

किती संपतो, ते पाहा. पेट्रोल पाण्याहून हलके. एक फूट उंचीच्या पेट्रोलने चौरस इंचाला सुमारे 0.31 पौंड दाब मिळतो. टाकी चार फूट वर असेल तर सव्वा पौंड. कार्बुरेटरला तेवढा पुरतो. विजेच्या इंजेक्शनला मात्र सुमारे 43 पौंड दाब लागतो. तो नुसत्या उतारावर मिळवायचा तर टाकी इंजिनाच्या वर जवळजवळ 140 फुटांवर टांगावी लागेल, म्हणजे तेराचौदा मजली इमारतीच्या गच्चीवर! तेव्हा पंप आलाच. आणि पंप आला की तुमची विहीर आली.

विहिरीवरच्या पंपाविषयी तुम्हाला मी काय सांगावे? पंप पाणी वर ढकलील तितके थोडे, पण खालून ओढण्याला त्याची मर्यादा आहे. शास्त्राने ती सुमारे 34 फूट, व्यवहारात वीस-पंचवीस फूट. पाणी खोल गेले की आपण पंप विहिरीत खाली उतरवतो, नाही तर पाण्यात बुडणारी मोटार टाकतो. ओढणाऱ्या नळीला कुठे बारीकशी गळती असली की पंप हवा धरतो, नुसता गरगर फिरतो आणि पाणी येत नाही. मग फूट व्हॉल्व्ह बघा, पंपात पाणी भरा, पुन्हा चालू करा. पेट्रोलच्या बाबतीत हे दुखणे जास्त वाईट, कारण पेट्रोलला हवा बाहेरून यावी लागत नाही. त्यातले हलके घटक 40 अंशांच्या आसपासच उकळू लागतात, आणि पंप ओढतो तिथे दाब कमी होतो म्हणून त्याहूनही आधी. मे महिन्यात धुळ्याच्या धावपट्टीवर विमान तासभर उन्हात उभे आहे, इंजिन नुकतेच बंद केलेले, त्याच्या तापल्या अंगाजवळून नळी गेलेली. नळीत वाफेचे बुडबुडे होतात, पंप वाफ धरतो, आणि टाकी भरलेली असून इंजिन उपाशी. मोटारमिस्त्री याला 'व्हेपर लॉक' म्हणतात.

म्हणून इंजेक्शनच्या विमानात पंप इंजिनाशेजारी वर बसवत नाहीत. तो टाकीजवळ, टाकीच्या पातळीला किंवा खाली, थंड जागी बसवतात. पंपाने वरून ओढू नये, खालून ढकलावे. पंपाच्या अलीकडे जाड गाळणी, जिच्यातून पेट्रोल सहज जाईल, आणि पलीकडे दाबाच्या बाजूला बारीक गाळणी. बारीक गाळणी ओढीच्या बाजूला लावणारा माणूस पेट्रोल स्वच्छ करतो खरा, पण वाफेला आमंत्रणही देतो. पंप दोन हवेत, कारण एक बंद पडला तर इंजिन त्याच क्षणी थांबते. आणि दोन्ही पंप एकाच तारेवर असतील तर ते दोन नव्हेत, एकच. हे लोडशेडिंग सोसलेल्या माणसाला पटवावे लागू नये. जुन्या विमानांच्या इंजिनाला बाहेरची वीज लागत नसे. ठिणगी त्याची तोच पाडी आणि पेट्रोल उताराने किंवा इंजिनावरच्याच पंपाने येई. विजेच्या इंजेक्शनमध्ये वीज गेली की पेट्रोलही गेले. रोटॅक्सवाल्यांनी म्हणूनच त्या इंजिनात वीज निर्माण करणारी दोन स्वतंत्र यंत्रे ठेवली आहेत.

आता सर्वांत फसवी गोष्ट. पंप नेहमी इंजिनाच्या गरजेहून पुष्कळ जास्त पेट्रोल ढकलतो. उरलेले परत टाकीकडे पाठवावे लागते. म्हणजे जाण्याची एक नळी आणि येण्याची दुसरी. बहुतेक लहान विमानांत टाक्या दोन, डाव्या पंखात एक आणि उजव्या पंखात एक. समजा इंजिन ताशी 20 लिटर जाळते आणि पंप ताशी 100 लिटर ढकलतो. डाव्या टाकीत 40 लिटर आहे. वैमानिक मनाशी म्हणतो, दोन तासांची बेगमी आहे. पण परतीची नळी बांधणाऱ्याने कायमची उजव्या टाकीला जोडून ठेवली आहे. तर डावी टाकी दोन तासांत नव्हे, 24 मिनिटांत रिकामी होईल. उजवी आधीच भरलेली असेल तर परत आलेले पेट्रोल हवेच्या नळीतून बाहेर सांडेल, आणि खाली शेतात काम करणाऱ्याच्या अंगावर शिंतोडे आले तरी वर कोणाला पत्ता नाही. यावर उपाय दोन. एक म्हणजे दुहेरी चावी, जी टाकी बदलताना जाण्याची आणि परतीची अशा दोन्ही वाटा एकदम बदलते. दुसरा म्हणजे मध्ये एक लहान टाकी, जिच्यात दोन्ही पंखांतले पेट्रोल उताराने उतरते आणि परतीचेही तिथेच येते. या लहान टाकीच्या डोक्यावरूनही वाफ आणि हवा वर जाण्यासाठी नळी हवी, नाही तर माझ्या स्कूटरची कथा तिथे पुन्हा घडते.

चावी म्हटली, म्हणून एका माणसाची गोष्ट सांगतो. त्या विमानात इंजेक्शनचा वाद नव्हता, वाद चावीचाच होता. जॉन डेन्व्हर हे अमेरिकेतले नामांकित गायक. त्यांनी 1997 मध्ये घरी बांधलेले एक जुने विमान विकत घेतले. नमुना लाँग-ईझी, बर्ट रुटान या कुशल रचनाकाराने आखलेला. रुटानच्या नकाशात टाकी बदलण्याची चावी वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये, डोळ्यांसमोर होती. ज्या गृहस्थाने हे विमान बांधले त्याने ती मागे, वैमानिकाच्या डाव्या खांद्याच्या पाठच्या भिंतीवर नेली. का? तर पेट्रोलची नळी माणूस बसतो त्या जागेतून जाऊ नये म्हणून. हेतू चांगला होता, इतका चांगला की तुम्हीआम्हीही कदाचित तेच केले असते. पण परिणाम असा झाला, की टाकी बदलायची तर वैमानिकाने दांडी सोडावी, पट्टा ताणून अंग मागे पिळावे आणि चावी चाचपावी. चावीवर खुणा नव्हत्या. ती फिरायलाही जड होती. 12 ऑक्टोबर रोजी माँटेरीच्या विमानतळावर डेन्व्हर आणि तिथल्या मेकॅनिकचे यावर बोलणे झाले. पकड लावून पाहिली, मागचे माप दिसावे म्हणून आरसाही दिला. पेट्रोल भरू का, असे विचारले तर डेन्व्हर नको म्हणाले, थोडाच वेळ उडायचे होते. संध्याकाळी पॅसिफिक ग्रोव्हच्या किनाऱ्याजवळ काहीशे फुटांवरून विमान समुद्रात कोसळले आणि ते ठार झाले. तपास मंडळाने म्हटले की चावीपर्यंत पोहोचताना अंग पिळले तेव्हा उजव्या पायाखालचे सुकाणू नकळत दाबले गेले आणि ताबा सुटला. पेट्रोल न भरल्याचा दोष मंडळाने वैमानिकाला दिला, आणि चावीची जागा बदलल्याचा बांधणाऱ्यालाही.

ही गोष्ट सांगितली तेव्हा माझा विद्यार्थी बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सर, म्हणजे नळी बरोबर असून चालत नाही." मी म्हटले, "नाही. तिच्यावर माणसाचा हातही पोहोचला पाहिजे."

हे सगळे बरोबर जमले की नाही, हे उडण्याआधी कळायचे कसे? त्यासाठी लागणारी साधने तुमच्या ओसरीवर आहेत: एक बादली, एक माप आणि सेकंदकाट्याचे घड्याळ. विमान चढताना नाक वर असते, म्हणून जमिनीवर त्याचे नाक तितकेच उचलायचे. टाकीत अगदी थोडे पेट्रोल ठेवायचे. इंजिनापाशी नळी सोडवून बादलीत धरायची आणि मिनिटाला किती येते ते मोजायचे. कारखान्यातल्या लहान विमानांसाठी अमेरिकेचा जो नियम होता तो घरी बांधणारेही मानतात. पेट्रोल उताराने येत असेल तर उड्डाणाच्या वेळी इंजिन पिते त्याच्या दीडपट आले पाहिजे, पंपाने येत असेल तर सव्वापट. इंजेक्शनच्या व्यवस्थेत हे मोजायचे तर पूर्ण दाबाखाली मोजायचे, आणि परत गेलेले पेट्रोल हिशेबात धरायचे नाही. मग तीच चाचणी दुसऱ्या टाकीवर, आणि मग दुसऱ्या पंपावर. जवळपास विडी ओढणारा कोणी नसावा, हे सांगायला नको.

आपल्याकडे यात एक नवी भर पडली आहे. 2025 पर्यंत देशातल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले. आपल्याच उसाच्या रसापासून आणि मळीपासून ते होते, शेतकऱ्याला त्याचे दोन पैसे मिळतात, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण विमानाच्या टाकीत ते जायचे असेल तर बांधणाऱ्याने दहा वेळा विचार करावा. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाणी जास्त झाले आणि वर थंडी लागली की ते पाण्यासकट पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. जुन्या तऱ्हेचे रबर आणि टाकीचे सांधे बुजवायचे काही लेप त्याने फुगतात, मऊ पडतात, त्यांचे तुकडे गाळणीत येऊन बसतात. जे इंजिन हे मिश्रण खपवून घेते, त्याच्या मागची नळी ते खपवून घेईलच असे नाही. म्हणून उड्डाणाआधी टाकीच्या सर्वांत खालच्या तोंडातून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरतात. विमानाच्या खास पेट्रोलला निळा रंग दिलेला असतो, तो याच कामी येतो. बाटलीत निळे दिसले तर ते पेट्रोल, आणि तळाशी बिनरंगी गोळा दिसला तर ते पाणी.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो मुलगा पुन्हा आला. हातात चौकटीच्या कागदाची वही. तिच्यात त्याने विमान काढले होते, पंख खाली, दोन टाक्या, मध्ये एक लहान टाकी. पंप अगदी खाली, दोन, वेगवेगळ्या तारांवर. चावी पायांपाशी, तिच्यावर 'डावी', 'उजवी', 'बंद' असे स्वच्छ अक्षरात लिहिलेले. परतीची नळीही होती. मी चष्मा पुसून बराच वेळ पाहिले. "छान आहे," मी म्हटले, "पण या मधल्या टाकीतली हवा कुठून जाणार?"

त्याने वही माझ्या हातातून घेतली, खिशातून पेन्सिल काढली, आणि गिरणाऱ्याची बस सुटायला दहाच मिनिटे होती तरी तिथेच पायरीवर बसला.